संजीवकांचा लगाम : गोल्फच्या हिरवळीपासून बोर्डीच्या चिकूवाडीपर्यंत

पश्चिम रेल्वेच्या घोलवड स्थानकावर उतरून बोर्डीच्या किनाऱ्याकडे निघाले, की रस्त्याच्या दोन्ही अंगांना चिकूच्या वाड्या लागतात. या वाड्यांतील एखादे झाड नीट न्याहाळले, तर एक गोष्ट चटकन ध्यानात येते. शेंड्याशी उमललेली पांढुरकी फुले, नुकतीच धरलेली कोवळी फळे आणि काढणीला आलेले चिकू असे तिन्ही एकाच झाडावर एकाच वेळी नांदत असतात. आंब्याला मोहोराचा ऋतू असतो, द्राक्षाला छाटणीची तारीख असते. चिकूला मात्र असा ठरावीक मुहूर्त नाही.

झाडाने केव्हा फुलावे, केव्हा फुलू नये आणि फळाने केव्हा पिकावे, हे आपल्या सोयीने ठरविण्याची साधने माणसाच्या हाती गेल्या शतकात आली. मराठी कृषी परिभाषेत त्यांना ‘संजीवके’ म्हणतात. परदेशातील गोल्फच्या मैदानांवर गवताला तुरा येऊ नये म्हणून, कोकणात हापूसला मोहोर यावा म्हणून आणि नाशिक-सांगलीकडे द्राक्षाचा मणी फुगावा म्हणून ती वापरली जातात. एकाच कुळातील औषधे इतकी परस्परविरुद्ध कामे कशी करतात आणि बोर्डीच्या बागाईतदाराला त्यांचा उपयोग कितपत आहे, हे म्हणूनच समजून घेण्यासारखे आहे.

संजीवके म्हणजे काय?

संजीवक हे खत नव्हे आणि कीटकनाशकही नव्हे. खत झाडाला अन्न पुरविते. संजीवक फक्त निरोप पोहोचविते. मुळाने वाढावे की थांबावे, कळीने पान व्हावे की फूल, फळाने देठाला धरून राहावे की गळून पडावे, याविषयीचे हे निरोप झाड स्वतःच अत्यल्प प्रमाणातील द्रव्यांद्वारे देत असते. ऑक्झिन, जिबरेलिन, सायटोकायनिन, इथिलीन आणि ॲबसिसिक आम्ल हे त्यांचे प्रमुख पाच गट मानले जातात. यांच्याशी साम्य असणारी, अथवा यांच्या निर्मितीत अडथळा आणणारी रसायने कारखान्यात तयार करता येतात. वाढीला आवर घालणाऱ्या अशा रसायनांना ‘वाढरोधके’ असे वेगळे नाव आहे.

त्यांची मात्रा ‘पीपीएम’मध्ये, म्हणजे दशलक्ष भागांत किती भाग, अशी मोजतात. एक लिटर पाण्यात एक मिलिग्रॅम औषध विरघळविले की एक पीपीएमचे द्रावण होते. वीस पीपीएमच्या दहा लिटर द्रावणासाठी अवघे दोनशे मिलिग्रॅम, म्हणजे चिमूटभरही नाही इतके, शुद्ध द्रव्य पुरते. साहजिकच अंदाजाने औषध ओतण्याची सवय येथे अंगलट येते.

वेड्या रोपांचा रोग आणि गळका गॅस

या द्रव्यांचा शोध काहीसा अपघातानेच लागला. जपानमध्ये भाताच्या रोपांना एक विचित्र रोग होत असे. रोपे भराभर उंच वाढत आणि अशक्त होऊन कोलमडत. शेतकरी त्याला ‘वेडे रोप’ अशा अर्थाच्या नावाने ओळखत. एइची कुरोसावा या संशोधकाने १९२६ मध्ये दाखवून दिले, की ही वेडी वाढ एका बुरशीने सोडलेल्या द्रव्यामुळे होते. १९३५ मध्ये त्या द्रव्याला जिबरेलिन हे नाव मिळाले. आज द्राक्षबागांत घराघरांतून बोलला जाणारा ‘जीए’ तो हाच.

इथिलीनची कथा तर याहून जुनी आहे. रस्त्यावरील दिव्यांसाठी वापरल्या जाणाऱ्या गॅसच्या सान्निध्यात झाडांची वाढ बिघडते, हे एकोणिसाव्या शतकातच लक्षात आले होते. या गॅसमधील दोषी घटक इथिलीन आहे, हे रशियातील दिमित्री नेल्युबोव यांनी १९०१ मध्ये वाटाण्याच्या रोपांवरून सिद्ध केले. पिकणारे फळ हा वायू स्वतःच तयार करते, याचा रासायनिक पुरावा १९३४ मध्ये मिळाला. आंब्याच्या आढीत गवत घालून फळे झाकून ठेवणाऱ्या आजीला हे सूत्र माहीत नव्हते. मात्र फळाने सोडलेला वायू आढीत कोंडून ठेवण्याची तिची रीत शास्त्राला धरूनच होती.

गोल्फच्या हिरवळीवरील तुरे

फुलोरा नकोसा वाटावा, असे पीक म्हणजे गोल्फचे गवत. गोल्फच्या खेळात चेंडू अखेर ज्या छोट्या हिरवळीवरून खळग्यात जातो, तिला ‘ग्रीन’ म्हणतात. तेथील गवत जेमतेम तीन-चार मिलिमीटर उंचीवर कापलेले असते. थंड हवामानाच्या देशांत या हिरवळीवर ‘पोआ ॲनुआ’ नावाचे गवत ठाण मांडून बसते. कितीही खालून कापले, तरी वसंत ऋतूत ते पात्यांआडून पांढरट तुरे काढतेच. तुऱ्यांमुळे पृष्ठभाग खरबरीत होतो आणि चेंडूची वाट किंचित ढळते. गवताचेही यात नुकसान होते. मुळांसाठी राखून ठेवलेले अन्न बी धरण्यात खर्च होते आणि ऐन उन्हाळ्याच्या तोंडावर हिरवळ अशक्त होते.

यावर उपाय म्हणून तेथील मैदानांचे व्यवस्थापक वाढरोधके फवारतात. पूर्वी यासाठी मेफ्लुइडाइड वापरात होते. पुढे इथेफॉन आणि ट्रायनेक्झापॅक-इथाइल या दोहोंची जोडी रूढ झाली. इथेफॉन वनस्पतीच्या पेशींत शिरल्यावर विघटन पावून इथिलीन सोडते, तर ट्रायनेक्झापॅक जिबरेलिनची निर्मिती रोखते. या फवारणीतील खरी कसोटी औषधाची नसून वेळेची आहे. तुरा पात्याबाहेर डोकावण्यापूर्वी औषध पोहोचले तरच त्याचा उपयोग. तुरे दिसू लागल्यावर केलेली फवारणी वाया जाते. कॅलेंडरवरील तारीख दरवर्षी जुळत नसल्याने हिवाळ्याअखेरीपासून रोजच्या तापमानाची बेरीज मांडून फवारणीचा दिवस ठरविला जातो.

भारतातील चित्र निराळे आहे. देशातील गोल्फची परंपरा जुनी आहे. कोलकात्याचा रॉयल कलकत्ता क्लब १८२९ चा, तर चेंबूरचा बॉम्बे प्रेसिडेन्सी क्लब १९२७ चा. उष्ण प्रदेशातील अशा मैदानांवर प्रामुख्याने ‘बर्म्युडा’ गवत असते. हे नाव परके वाटले, तरी गवत आपल्या ओळखीचे आहे. शेतकऱ्याला बांधावर छळणारी हरळी आणि गणपतीला वाहिली जाणारी दूर्वा ती हीच. अमेरिकेतील जॉर्जिया राज्यात टिफ्टन येथे या हरळीचा आफ्रिकेतील एका बारीक पात्याच्या जातभाईशी संकर करून ‘टिफ’ने सुरू होणाऱ्या नावांची खास वाणे तयार झाली. त्यांपैकी ‘टिफड्वार्फ’ हे वाण १९६५ मधले. ही संकरित वाणे वांझ असतात. त्यांना उगवणारे बी धरत नाही आणि त्यांची लागवड तुकडे लावूनच करावी लागते. फुलोऱ्याचा प्रश्न येथे औषधाऐवजी पैदाशीनेच बराचसा हलका झाला.

हापूसचा मोहोर

कोकणच्या हापूसची अडचण याच्या नेमकी उलट. तो वर्षाआड फळतो. एका वर्षी लगडलेले झाड दुसऱ्या वर्षी नुसतीच पालवी काढते आणि बागाईतदाराचे वर्षाचे गणित कोलमडते. आंब्याच्या बाबतीत जिबरेलिन वाढले की पालवी फुटते आणि मोहोर मागे पडतो, असे शास्त्रज्ञांच्या लक्षात आले. मग जिबरेलिनच रोखले तर? पॅक्लोब्युट्राझॉल हे वाढरोधक नेमके हेच काम करते. ‘कल्टार’ या व्यापारी नावाने ते कोकणात घरोघरी परिचित आहे.

दापोलीच्या डॉ. बाळासाहेब सावंत कोकण कृषी विद्यापीठाने त्याच्या वापराची शिफारस नेमक्या शब्दांत केली आहे. दहा वर्षांवरील निरोगी झाडाला, घेराच्या व्यासाच्या दर मीटरमागे पाऊण ग्रॅम क्रियाशील घटक, म्हणजे पंचवीस टक्के तीव्रतेचे तीन मिलिलिटर औषध द्यावयाचे. ते पाण्यात मिसळून बुंध्याभोवती पाडलेल्या पंचवीस-तीस छोट्या खड्ड्यांत ओतावयाचे आणि हे सारे १५ जुलै ते १५ ऑगस्ट या महिन्याभरात उरकावयाचे. पाऊस सरताच पालवीऐवजी मोहोर येतो आणि फळही काहीसे आधी बाजारात पोहोचते.

मात्र या औषधाने झाडाची ताकद वाढत नाही. असलेली ताकद फळाकडे वळते एवढेच. दरवर्षी भरघोस फळणाऱ्या झाडाला तेवढेच जास्त खत, पाणी आणि निगा लागते. ती न मिळाल्यास झाड थकते, आखूड पेरांची गर्दी होते. पॅक्लोब्युट्राझॉल जमिनीत दीर्घ काळ टिकून राहते, ही दुसरी चिंता. ठेकेदार दोन-तीन वर्षांसाठी बाग घेतो, मनमानी मात्रा ओततो आणि झाडाचा खंगलेला सांगाडा मालकाच्या पदरी पडतो, ही तक्रार कोकणात नवी नाही. हंगाम एकाचा आणि झाड दुसऱ्याचे, असा हा व्यवहार आहे.

द्राक्षे आणि २०१० चा धडा

महाराष्ट्रात संजीवकांचा सर्वाधिक काटेकोर वापर द्राक्षबागांत होतो. ‘थॉमसन सीडलेस’सारख्या बिनबियांच्या द्राक्षांत मणी फुगविणारे नैसर्गिक जिबरेलिन अपुरे पडते, कारण ते पुरविणारी बीच तेथे नसते. ही उणीव जिबरेलिक आम्लाची फवारणी करून किंवा घड त्याच्या द्रावणात बुडवून भरून काढतात. दुसरीकडे, एप्रिलमधील खरड छाटणीनंतर वेलीची वाढ आवरून डोळ्यांत घड धरावा म्हणून क्लोरमेक्वाट क्लोराइड हे वाढरोधक वापरले जाई. बागाईतदार त्याला ‘सीसीसी’ अथवा ‘लिहोसिन’ म्हणून ओळखतात.

या सीसीसीने २०१० च्या हंगामात निर्यातदारांची झोप उडविली. युरोपात पोहोचलेल्या भारतीय द्राक्षांत त्याचे अंश आढळले. तेथील मर्यादा किलोमागे ०.०५ मिलिग्रॅम इतकी कडक होती. माल बंदरांत अडकला, भाव कोसळले आणि अनेक द्राक्षबागाईतदार कर्जाच्या विळख्यात सापडले. विशेष म्हणजे औषध महिनोन्‌महिने आधी, घडाचा मागमूस नसताना दिले गेले होते. तरीही वेलीच्या लाकडात साठून राहिलेला अंश फळापर्यंत पोहोचला होता. त्यानंतर निर्यातीच्या द्राक्षांची या रसायनासाठीही तपासणी होऊ लागली. संजीवक नजरेआड झाले म्हणजे ते झाडातून गेले असे नव्हे, हा धडा राज्याला बरीच किंमत मोजून मिळाला.

एक औषध, चार परिणाम

इथेफॉनचेच उदाहरण घेतले तर या शास्त्राचे मर्म उलगडते. गोल्फच्या गवतावर ते तुरा रोखते. अननसाला मात्र तेच एकसारखा फुलोरा आणते. डाळिंबाच्या बागेत बहर धरताना पाण्याचा ताण दिल्यानंतर पानगळ करण्यासाठी शेतकरी तेच फवारतात. त्यातून निघणारा इथिलीन वायू केळी आणि आंबे पिकवितो. औषध एकच, परंतु वनस्पती, तिची अवस्था आणि मात्रा बदलली की परिणाम पालटतो. एका पिकाचा नुस्खा दुसऱ्या पिकाला जसाच्या तसा लावता येत नाही, तो यामुळेच.

बोर्डीचा चिकू

चिकू मूळचा मेक्सिको आणि मध्य अमेरिकेतला. महाराष्ट्रात त्याची पद्धतशीर लागवड १८९८ मध्ये घोलवड येथे सुरू झाल्याची नोंद कृषी ग्रंथांत आढळते. पारशी आणि इराणी बागाईतदारांनी वाढविलेल्या या वाड्या पुढे डहाणू तालुक्याची ओळख बनल्या. ‘कालीपत्ती’ हे येथील प्रमुख वाण. २०१६ मध्ये डहाणू-घोलवडच्या चिकूला भौगोलिक मानांकन मिळाले आणि २०२१ मध्ये मानांकित चिकूची खेप ब्रिटनला रवाना झाली. त्या वेळी पालघर जिल्ह्यात सुमारे पाच हजार हेक्टर क्षेत्र चिकूखाली असल्याचे सांगण्यात आले होते.

या झाडाला संजीवकांची गरज फुलोऱ्यासाठी नाही. फुलांचे दोन मोठे बहर येतात आणि मधल्या काळातही फुले येतच राहतात. अडचण पुढची आहे. आलेल्या फुलांपैकी फार थोडी फळापर्यंत टिकतात, बाकीची गळून जातात. धरलेले फळ काढणीला यायला सात ते दहा महिने लागतात. म्हणजे प्रत्येक फळाच्या वाटेत पावसाळा तरी आडवा येतो किंवा उन्हाळा तरी. फळधारणा वाढावी आणि गळ कमी व्हावी म्हणून चिकूवर ऑक्झिन गटातील ‘एनएए’ आणि जिबरेलिक आम्ल यांच्या फवारण्यांचे प्रयोग देशातील कृषी संशोधन केंद्रांनी केले आहेत.

तथापि, येथे वेळेचा प्रश्न पुन्हा उभा राहतो. गोल्फच्या गवताचा तुरा ठरावीक आठवड्यांत येतो, हापूसला महिन्याभराची मुदत असते, द्राक्षाला छाटणीपासून दिवस मोजता येतात. चिकूच्या झाडावर मात्र फूल, कोवळे फळ आणि पक्व फळ एकत्र असताना फवारणीचा थेंब तिघांवरही पडतो. एकाला हितकारक ठरलेली मात्रा दुसऱ्याला निरुपयोगी आणि तिसऱ्याला अंश मागे ठेवणारी ठरू शकते. बारमाही तोडणी होणाऱ्या फळाला फवारणीनंतर थांबण्याचा काळ पाळणेही अवघड जाते. चिकूचे जे वैशिष्ट्य शेतकऱ्याला वर्षभर पैसा देते, तेच संजीवकाच्या आड येते.

शिवाय फळगळीचे कारण प्रत्येक वेळी संजीवकांच्या कमतरतेत नसते. डहाणू परिसरात पावसाळ्यात बुरशीमुळे फळे कुजून गळतात आणि बी पोखरणारी अळीही नुकसान करते. जुन्या वाड्यांत झाडे उंच आणि फांद्या एकमेकींत गुंतलेल्या असतात. खाली ऊन पोहोचत नाही, ओल सुकत नाही. अशा वाडीत संजीवक फवारणे म्हणजे ताप मोजण्याऐवजी टॉनिक पाजण्यासारखे आहे. दाट फांद्यांची विरळणी करून प्रकाश आत घेणे, गळलेली फळे वेचून नष्ट करणे आणि पाण्याचा निचरा राखणे ही कामे आधी करावी लागतात. गळीचे कारण निश्चित करण्यासाठी डहाणूजवळील कोसबाड टेकडीवरील कृषी विज्ञान केंद्राचा सल्ला जवळच उपलब्ध आहे.

काढणीनंतर मात्र

चिकूच्या बाबतीत संजीवकांचे शास्त्र खऱ्या अर्थाने उपयोगी पडते ते झाडावरून फळ उतरविल्यानंतर. चिकू काढणीनंतर पिकणारे फळ आहे आणि पिकण्याची त्याची गती वेगवान असते. घोलवडहून निघालेली पेटी दूरच्या बाजारात पोहोचेपर्यंत फळ मऊ पडते. त्यामुळे येथे दुहेरी गरज असते. जवळच्या बाजारासाठी फळ एकसारखे पिकविणे आणि लांबच्या बाजारासाठी पिकणे लांबविणे. पहिल्या कामासाठी बंदिस्त खोलीत नियंत्रित प्रमाणात इथिलीन वायू सोडतात. दुसऱ्यासाठी जिबरेलिक आम्लाच्या द्रावणात फळे बुडविण्याचे, तसेच इथिलीनचा निरोप फळापर्यंत पोहोचूच न देणाऱ्या ‘१-एमसीपी’ या वायूचे प्रयोग झाले आहेत. बोर्डी-घोलवड परिसरात चिकूचे काप आणि पावडर तयार करण्याचा जो मार्ग अनुसरला गेला, तोही फळाच्या या घाईवरचाच एक उतारा होय.

ग्राहकांच्या मनात ‘औषधाने पिकविलेले फळ’ म्हणताच भीती उभी राहते. तीत तथ्य आहे, परंतु भेद जाणून घ्यायला हवा. कॅल्शियम कार्बाइडने फळे पिकविण्यास अन्नसुरक्षेच्या नियमांनुसार बंदी आहे, कारण त्यातून निघणाऱ्या ॲसिटिलीन वायूसोबत आर्सेनिक आणि फॉस्फरसचे घातक अंश येऊ शकतात. याउलट १०० पीपीएमपर्यंत इथिलीन वायू वापरण्यास भारतीय अन्न सुरक्षा व मानके प्राधिकरणाने २०१६ मध्ये मान्यता दिली आहे. फळे थेट इथेफॉनच्या द्रावणात बुडविणे मात्र नियमबाह्य ठरते. घरी आणलेला कच्चा चिकू कागदी पिशवीत, शेजारी एक पिकलेले केळे ठेवून झाकला, तरी दोन-चार दिवसांत तो तयार होतो. तेथेही काम करतो तो इथिलीनच.

कायद्याची चौकट

जिबरेलिक आम्ल, इथेफॉन, पॅक्लोब्युट्राझॉल, क्लोरमेक्वाट यांसारखी संजीवके भारतात १९६८ च्या कीटकनाशक कायद्याखाली येतात. कोणत्या पिकावर, किती मात्रेत आणि काढणीपूर्वी किती दिवस आधी ती वापरावीत, हे नोंदणीच्या वेळी ठरते आणि वेष्टनावर छापावे लागते. ज्या पिकाचे नाव वेष्टनावर नाही, त्या पिकावर वापर करणे म्हणजे अंशाची जबाबदारी स्वतःच्या शिरावर घेणे होय. समुद्री शेवाळाचे अर्क आणि तत्सम ‘जैव उत्तेजके’ २०२१ मध्ये खत नियंत्रण आदेशाच्या कक्षेत आणण्यात आली. तोवर या मालावर फारसे नियंत्रण नव्हते आणि ‘चमत्कारी टॉनिक’ या नावाखाली काय विकले जाई, याची शेतकऱ्याला कल्पना नसे.

डहाणू तालुक्यापुरता आणखी एक संदर्भ आहे. हा तालुका १९९१ मध्ये पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील क्षेत्र म्हणून घोषित झाला आणि १९९६ मध्ये त्याच्या देखरेखीसाठी प्राधिकरण नेमण्यात आले. चिकूच्या वाड्या हे या तालुक्याचे हिरवे वैभव जपण्यामागील एक ठळक कारण होते. किनाऱ्यालगतच्या या जमिनीत दीर्घकाळ टिकणारे रसायन ओतताना हंगामापलीकडचा विचार करणे त्यामुळे अधिकच अगत्याचे ठरते.

गोल्फच्या मैदानावर चुकलेल्या फवारणीची किंमत म्हणजे काही आठवडे खरबरीत राहिलेली हिरवळ. बोर्डीच्या वाडीत तीच चूक झाली, तर पणतवंडांना फळ देऊ शकणारे झाड आणि कष्टाने मिळविलेले मानांकन, दोन्ही पणाला लागतात. संजीवक हा लगाम आहे. तो कधी ओढावा हे घोडा ओळखणाऱ्यालाच कळते, आणि चिकूचा घोडा वर्षभर आपल्याच चालीने चालणारा आहे.